निरभ्र आकाशाखालचे सहा दिवस

शुक्रवार, १६ एप्रिल २०१०

शिकागोहून निघालेले आमचे विमान फ्रँकफुर्टला उतरले तेव्हा तेथे सकाळचे सहा वाजून गेले होते, आणि आठ वाजता आइसलँडमधल्या ज्वालामुखीच्या राखेमुळे तो विमानतळ बंद झाला. मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही पतिपत्नी चार महिने अमेरिकेत होतो. दुपारी फ्रँकफुर्टहून सुटणाऱ्या विमानाने मध्यरात्रीनंतर मुंबई आणि उजाडेपर्यंत पुणे, असा परतीचा बेत होता. आदल्या दिवशी निरोप देताना मुलीने विचारले होते, "बाबा, लंडन बंद झालंय म्हणतात, तुमचं फ्रँकफुर्ट चालू राहील ना?" ते वाऱ्यावर अवलंबून आहे, एवढेच मी तिला सांगू शकलो होतो.

हा ज्वालामुखी मला अनोळखी नव्हता. पुण्याच्या एका महाविद्यालयात तीस वर्षे भूशास्त्र शिकवल्यामुळे निवृत्तीनंतरही अशा बातम्या मी आवर्जून वाचतो. आइसलँडच्या दक्षिण भागातील एयाफ्यातलायोकुत्ल या डोंगराच्या कुशीत २० मार्चला भेग पडून लाव्हा उसळू लागला होता. ती जागा बर्फाच्या जाड थराबाहेर होती, लाव्हा बेसाल्टचा, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्याच जातीचा होता, आणि त्याचे कारंजे पाहायला पर्यटकही जात होते. १४ एप्रिलला पहाटे मात्र मुख्य शिखराखाली, सुमारे २०० मीटर बर्फाच्या खाली, दुसरे तोंड उघडले. तापलेला शिलारस वितळलेल्या बर्फाच्या पाण्याला भिडला की पाण्याची क्षणात वाफ होते, त्या स्फोटांनी शिलारसाचा चुरा उडतो आणि थिजून त्याची काच होते. शिवाय हा शिलारस आधीच्यापेक्षा अधिक सिलिका असलेला, दाट आणि वायूंनी भरलेला होता. राखेचा स्तंभ नऊ किलोमीटरांपर्यंत चढला, आणि नेमक्या त्याच आठवड्यात वरच्या थरांतला वारा वायव्येकडून थेट युरोपवर येत होता. ज्या देशात उद्रेक झाला त्याचा मुख्य विमानतळ या दिवसांत चालू होता आणि दोन हजार किलोमीटरांवरचे आम्ही अडकलो होतो, हे त्या वाऱ्यामुळेच.

प्रतीक्षागृहाच्या काचेतून बाहेर पाहिले तर आभाळ धुतल्यासारखे स्वच्छ आणि निळे होते. विमाने एकापाठोपाठ एक शांत उभी होती. सामान वाहणाऱ्या गाड्याही थांबल्या होत्या. सूचनाफलकावरच्या प्रत्येक ओळीपुढे विमान रद्द झाल्याचा तोच शब्द होता. लोक काउंटरपाशी जाऊन आभाळाकडे बोट दाखवत विचारत होते, राख आहे तरी कुठे?

दुपारपर्यंत प्रवाशांचे आपोआप दोन गट पडले. ज्यांच्याकडे युरोपचे पारपत्र किंवा शेंगेन व्हिसा होता, ते दारातून बाहेर पडून हॉटेलात गेले, रेल्वे स्थानकावर गेले, भाड्याच्या मोटारीच्या शोधात गेले. आम्ही केवळ विमान बदलण्यासाठी उतरलो होतो. आमच्याकडे तो कागद नव्हता, त्यामुळे आम्हाला त्या दारापुढे जाता येत नव्हते. मागे राहिलेल्यांत भारतीय पुष्कळ होते. म्हाताऱ्या आया, तान्ही बाळे घेतलेल्या सुना, पहिल्यांदाच घरी निघालेले विद्यार्थी असे सगळे त्यांत होते. संध्याकाळी घडीच्या खाटा आल्या, पांघरुणे आली, पाणी, केळी आणि पाव आले. देणारे कर्मचारी सौजन्याने वागत होते हे नमूद केले पाहिजे, कारण त्यांच्यातलेही कित्येक सकाळपासून घरी गेलेले नव्हते.

खाटांच्या रांगेच्या टोकाला भिंतीला टेकून एक तरुण जमिनीवर बसला होता. फोनवर तो मराठीत बोलत होता आणि बोलणे संपल्यावरही त्याने फोन कानाजवळ तसाच धरून ठेवला होता. माझी पत्नी त्याच्याकडे बराच वेळ पाहत होती. "अहो, त्यानं सकाळपासून काही खाल्लेलं नाही," असे म्हणून ती दोन केळी घेऊन उठली. तो नाशिकचा होता आणि अमेरिकेत संगणक क्षेत्रात नोकरीला होता. १४ तारखेला, अमावास्येच्या दिवशी, त्याचे वडील गेले होते. तो वेळेवर पोहोचणार नाही हे दिसत असल्याने धाकट्या भावाने अग्नी दिला. "दहाव्याला तरी पोहोचायचंय, काकू," एवढेच तो म्हणाला. आम्ही तिघांनी बोटांवर मोजले. दहावा दिवस शुक्रवारी, २३ तारखेला येत होता.

शनिवार, १७ एप्रिल

उजाडले तेव्हा खाटांवर निजलेल्यांच्या अंगावर काचेतून लख्ख ऊन आले होते. स्वच्छतागृहापाशी मोठी रांग होती. आमच्या सामानाच्या पेट्या विमानतळाच्या कुठल्यातरी तळघरात होत्या आणि माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या त्यांत होत्या. पत्नीच्या पर्समध्ये चार दिवसांच्या निघाल्या, म्हणून सकाळ निभावली. नडियादच्या एका वृद्ध बांनी सुनेने बांधून दिलेल्या थेपल्यांचा डबा उघडला आणि आसपासच्या सगळ्यांना एकेक दिला. कांदा-लसूण न खाणाऱ्या त्या बाईंना तेथला पाव तेवढा चालत होता. आपला डबा संपला की पुढे काय, याचा विचार त्यांनी केलेला दिसला नाही.

मी भूशास्त्राचा अध्यापक आहे ही गोष्ट पत्नीने एकाला सांगितली आणि तासाभरात माझ्या खाटेभोवती पंधरा-वीस जण जमले. त्यांचा राग खरा होता. कुणाची परीक्षा होती, कुणाच्या बहिणीचे लग्न होते. त्यांना एकच गोष्ट समजून घ्यायची होती, की दिसत नाही अशा राखेला इतके घाबरण्याचे कारण काय.

माझ्या मते गोंधळाचे एक मूळ आपल्या शब्दातच आहे. राख म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चुलीतली मऊ, उदासारखी राख येते, जी फुंकरीने उडते आणि भांडी घासायला कामी येते. ज्वालामुखीची राख म्हणजे जळून उरलेले काही नव्हे. तो दगडाचा आणि काचेचा चुरा असतो, कणाकणाला धारदार कडा असलेला. असला चुरा मी हातात घेतलेला आहे. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी या गावी प्राचीन गाळात राखेचा एक फिकट थर आहे. ती राख सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची आहे, म्हणजे हिंदी महासागर ओलांडून ती पुणे जिल्ह्यात येऊन पडली. विद्यार्थ्यांना मी दरवर्षी तेथे नेत असे. मुठीत घेतली तर ती पिठासारखी लागते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली की फुटलेल्या बुडबुड्यांच्या वक्र, टोकदार काचा दिसतात. वर्षानुवर्षे मी ती मुलांना दाखवत आलो, पण असली राख अजून हवेत असते तेव्हा काय होते, याचा विचार मी क्वचितच केला होता.

वहीवर इंजिनाची आकृती काढून मी त्यांना सांगितले की ही काच सुमारे ११०० अंश सेल्सिअसला वितळते आणि जेट इंजिनाच्या ज्वलनकक्षात त्याहून कितीतरी अधिक उष्णता असते. वितळलेली काच मागच्या, तुलनेने थंड पात्यांवर जाऊन थिजते, हवेची वाट बंद होते आणि इंजिन विझते. वैमानिकाच्या रडारला पावसाचे थेंब दिसतात, कोरडी राख दिसत नाही. २४ जून १९८२ रोजी रात्री क्वालालंपूरहून पर्थला निघालेले ब्रिटिश एअरवेजचे जम्बो विमान जावा बेटावरील गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरले आणि त्याची चारही इंजिने बंद पडली. ३७ हजार फुटांवरून सुमारे १३ हजार फुटांपर्यंत ते घरंगळत खाली आले. राखेबाहेर पडल्यावर थिजलेली काच तडकून सुटली, इंजिने पुन्हा लागली आणि समोरची काच घासून आंधळी झालेली असताना कॅप्टन एरिक मूडी यांनी ते जकार्ताला उतरवले. १९८९च्या डिसेंबरात अलास्कातील रिडाउट ज्वालामुखीच्या राखेत केएलएमच्या विमानाचीही चारही इंजिने अशीच विझली होती. दोन्ही वेळा कुणी दगावले नाही. हे सांगून झाल्यावर बराच वेळ कुणी बोलले नाही, आणि बांनी आपली जपमाळ काढली.

रविवार, १८ एप्रिल

त्या दिवशी क्राकुफमध्ये पोलंडचे राष्ट्राध्यक्ष लेख काचिन्स्की यांचा अंत्यविधी होता. विमान अपघातात ते आठवड्यापूर्वीच गेले होते. बराक ओबामांसह अनेक देशांच्या प्रमुखांना राखेमुळे तेथे जाता आले नाही, ही बातमी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर सारखी येत होती. नाशिकचा तो तरुण ती बातमी उभ्याने पाहत राहिला.

युरोपात रविवारी एरवी सुमारे २४ हजार विमाने उडतात, त्या दिवशी सुमारे ५ हजार उडाली. त्याचबरोबर दुसरी एक बातमी आली आणि तिने लोकांचा राग पुन्हा पेटवला. काही विमान कंपन्यांनी प्रवासी न घेता विमाने उडवून पाहिली होती आणि ती सुखरूप उतरली होती. मग आम्हाला का अडवता, असा प्रश्न सगळीकडे विचारला जाऊ लागला. मी त्यावर म्हणालो की एक विमान एकदा सुखरूप उतरले यावरून हजारो विमाने रोज उतरतील असे ठरत नाही. फिनलंडच्या हवाई दलाची हॉर्नेट विमाने गुरुवारी सरावासाठी उडाली होती, तीही सुखरूपच परतली, पण आत तपासल्यावर इंजिनांत वितळून थिजलेली धूळ सापडली. हानी आत होते आणि पुढे कधीतरी बाहेर येते. माझ्या या बोलण्यावर काही जण नाराज झाले. एक गृहस्थ तर मी विमान कंपनीचा माणूस आहे का, असे विचारून निघून गेले. तरीही विमाने थांबवणे योग्यच होते, असे मला तेव्हा वाटत होते आणि आजही वाटते.

रात्री तो तरुण माझ्या खाटेपाशी येऊन बसला. दाढी वाढलेली होती, डोळे जागरणाने लाल झाले होते. त्याने अगदी शांतपणे विचारले, "काका, हवेत किती राख असली की विमान पडतं?"

तीस वर्षांत विद्यार्थ्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी असे थोडेच होते, की ज्यांचे उत्तर मला निदान पुस्तकात शोधता आले नसते. हा त्यांतला होता. राख कशी होते, किती उंच जाते, कशी वितळते, हे सगळे मी सांगू शकत होतो. किती, एवढेच सांगू शकत नव्हतो, आणि त्या रात्री ते जगात कुणालाच नीट ठाऊक नव्हते. तोपर्यंतचा नियम सोपा होता. राखेवर लक्ष ठेवणारी नऊ केंद्रे जगात आहेत. त्यांपैकी या भागाचे केंद्र ब्रिटनच्या हवामान खात्यात, एक्सेटर येथे आहे. त्यांच्या नकाशावर राख दाखवली की तिच्यातून जायचे नाही, मग ती कितीही विरळ असो. इंडोनेशियात किंवा अलास्कात हा नियम पाळता येतो, कारण तेथे वळसा घालायला मोकळे आकाश असते. युरोपच्या गजबजलेल्या आकाशावर विरळ राख पसरली तेव्हा वळसा घालायला जागाच राहिली नाही, आणि नियमाला आकडा नसल्याने सगळेच बंद करावे लागले. एखादे इंजिन किती राख सहन करील याची मोजमापे कुणी आधी करून ठेवलेली नव्हती. हे मी त्याला जसेच्या तसे सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि थोड्या वेळाने म्हणाला, "म्हणजे आत्ता कुणीतरी ते ठरवत बसलं असेल."

बाबांना अखेरचे पाहिले ते दिवाळीत, मग त्यांनी नवा चष्मा केला होता, तो त्याने फोटोतच पाहिला, असे काही तो त्यानंतर बोलत राहिला. पत्नी जागीच होती. तिने त्याच्या अंगावर आपले पांघरूण टाकले.

सोमवार, १९ एप्रिल

गोळ्या संपत आल्या होत्या, म्हणून विमानतळावरच्या दवाखान्यात गेलो. तेथल्या डॉक्टरबाईंनी रक्तदाब पाहून आठ दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. बाकी दिवस रेंगाळत गेला. जर्मनीच्या चान्सलर अँगेला मेर्केल स्वतः अमेरिकेहून परतताना लिस्बन आणि रोमला उतरून तेथून रस्त्याने घरी पोहोचल्या होत्या, हे कळल्यावर आमच्यातल्या काहींनी रोमपर्यंत रेल्वेने जाण्याचे नकाशे काढले. रोमहून विमाने सुटत होती. पण रोमला जायचे तर त्याच एका दारातून बाहेर पडावे लागणार होते. एक हैदराबादी डॉक्टर जर्मन नागरिक होते, ते निघाले. जाताना त्यांनी आपला फोन चार्जर त्या तरुणाच्या हाती ठेवला.

अधिक वैशाख नुकताच लागला होता. जावयाला अनारशांचे वाण देता आले नाही, ही रुखरुख पत्नीला शिकागोहून निघाल्यापासून होती. ती मला म्हणाली, "अजून चार दिवस थांबलो असतो तर वाणही देऊन झालं असतं आणि इथे अडकलोही नसतो." मी काही बोललो नाही.

संध्याकाळी उशिरा खिडकीपाशी एकदम गलका झाला. लांबच्या धावपट्टीवर एक मोठे विमान उतरत होते. दूर देशी अडकलेली लांब पल्ल्याची विमाने डोळ्यांनी बाहेर पाहत, खालच्या उंचीवरून चालवण्याच्या नियमाखाली परत आणण्याची परवानगी मिळाली होती. आम्ही सगळे काचेला नाक लावून उभे होतो. लहान मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मंगळवार, २० एप्रिल

युरोपीय देशांच्या वाहतूकमंत्र्यांनी आदल्या दिवशी आकाशाचे तीन भाग ठरवले होते. एक पूर्ण बंद, दुसरा सावधगिरीने उडण्याचा आणि तिसरा मोकळा. त्याची अंमलबजावणी सकाळपासून सुरू झाली. रात्री ब्रिटनचे आकाशही खुले झाले आणि त्यासाठी इंजिने बनवणाऱ्यांशी बोलून एक आकडा ठरवला गेला. एक घनमीटर हवेत दोन मिलिग्रॅमपर्यंत राख असेल तर विमान जाऊ शकेल.

पुण्यास आल्यावर वर्तमानपत्रात तो आकडा वाचला आणि मी लगेच कागदावर हिशेब केला. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि तेवढ्याच उंच खोलीत ही राख ५६ मिलिग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे मिठाच्या चिमटीहूनही बरीच कमी. अशा खोलीत बसलेल्या माणसाला ती दिसणार नाही, मग निळ्या आभाळात कुठून दिसणार. मात्र मोठे इंजिन दर सेकंदाला शेकडो किलो हवा ओढून घेते आणि तासन् तास ओढत राहते. हा आकडा त्या रविवारी आमच्याजवळ असता, तर माझ्याभोवती जमलेल्या लोकांना मी त्यांचा अडकून पडण्याचा अर्थ नीट सांगू शकलो असतो. तो सात दिवस आधी कुणाजवळ असता, तर कदाचित त्यांतले पुष्कळ जण अडकलेच नसते. पुढे हिशेब प्रसिद्ध झाले तेव्हा सुमारे १ लाख उड्डाणे रद्द झाल्याचे आणि सुमारे १ कोटी प्रवासी अडकल्याचे कळले. १९८२ नंतर अठ्ठावीस वर्षे हाती होती, आणि हे मोजण्याचे काम राहून गेले होते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मुंबईच्या विमानाची यादी दुपारी लागली. बुधवारच्या विमानात आमची दोघांची नावे होती, बांचे होते, त्या तरुणाचे नव्हते. त्याचे मूळ तिकीट दुसऱ्या मार्गाचे होते. तो काही बोलला नाही, पण पत्नी उठली आणि काउंटरच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिचे इंग्रजी बेताचे आहे. दहाव्या दिवशी नदीवर काय करतात, थोरल्या मुलाने तेथे का असावे लागते, हे तिने त्या कर्मचारी मुलीला हातवारे करत, मध्येच मराठी शब्द घालत सांगितले. मुलीने सगळे ऐकले, कॅलेंडर काढून तिच्यासमोर ठेवले, आणि पत्नीने २३ तारखेवर बोट ठेवले. मुलीने एका कागदावर काहीतरी लिहून तो आत नेला.

बुधवार, २१ एप्रिल

सकाळी त्याचे नाव पुकारले गेले तेव्हा तो स्वच्छतागृहात तोंड धूत होता. बांनीच त्याला दाराबाहेरून हाका मारल्या.

त्या दिवशी अकराच्या सुमारास जर्मनीचे सगळे आकाश खुले झाले. विमान दुपारी निघाले. फ्रँकफुर्टवर चढताना मी खिडकीतून उत्तरेकडे एकटक पाहत होतो. क्षितिजाच्या कडेला कुठे तपकिरी पट्टा दिसतो का, हे मला पाहायचे होते. काहीही दिसले नाही. इंजिनांचा आवाज एकसारखा होता आणि पाच दिवसांत प्रथमच पत्नीला गाढ झोप लागली.

मुंबईला उतरलो तेव्हा गुरुवार लागला होता. बाहेर उकाडा आणि गर्दी होती. त्या तरुणाचा चुलतभाऊ गाडी घेऊन आला होता. सामानाच्या पेट्या मागून येणार असल्याने त्याच्याजवळ खांद्यावरची एक पिशवी तेवढी होती. तो वाकून आम्हा दोघांच्या पाया पडायला निघाला, पण सुतकात पाया पडत नाहीत हे आठवून मध्येच थांबला. पत्नीने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

शुक्रवारी दुपारी त्याचा फोन आला. मागे गोदाघाटावरचा गलबला ऐकू येत होता. विधी नीट झाला, असे तो म्हणाला. पत्नीने माझ्या हातून फोन घेऊन विचारले, "कावळा शिवला का रे?" शिवला, पण पाऊण तास लागला, असे त्याने सांगितले. तेवढा वेळ दोघे भाऊ घाटावर आभाळाकडे पाहत उभे होते.